चित्राचा मायना

‘महाराजांचा खरा चेहरा.’ दर शिवजयंतीला आणि दर राज्याभिषेकदिनी हा मथळा नव्याने फिरू लागतो. सतराव्या शतकातले एखादे लघुचित्र एआयला भरवलेले असते. त्याने गालांना त्वचेची छिद्रे, ओठांना चकाकी आणि डोळ्यांना ओलावा बहाल केलेला असतो. खाली शेकडो जण ‘अंगावर काटा आला’ असे लिहून जातात.

हा धागा त्या चित्रफितींच्या विरोधात आहे. भावनेच्या विरोधात नाही. काटा येणे हा काही अपराध नव्हे. माझा आक्षेप वेगळा आहे. या ‘खऱ्या’ चेहऱ्याच्या हव्यासापायी आपण सतराव्या शतकातले एक अस्सल साधन हाती घेतो, त्यातला पुरावा खरवडून टाकतो आणि उरलेल्या टरफलाची आरती करतो. हे इतिहासप्रेम नाही. इतिहासाच्या नावाने चाललेली ही नासधूस आहे आणि ती आपल्यासारखेच, गडांवर जाणारे, बखरी वाचणारे लोक करत आहेत, म्हणून बोलावे लागते.

धागा लांबणार आहे. बैठक मारून वाचा.

आधी एक साधा प्रश्न. मोडीतले जुने पत्र हाती आले तर आपण काय करतो? हस्ताक्षर किती सुंदर आहे, एवढे पाहून ते बाजूला ठेवतो का? नाही. आपण प्रथम मायना वाचतो. ‘तीर्थस्वरूप’ आहे की ‘चिरंजीव’, ‘राजमान्य राजश्री’ आहे की त्याच्याही आधी ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’ जोडले आहे, यावरून लिहिणारा आणि वाचणारा यांतले अंतर कळते. मग शिक्का, मोर्तब, तारीख. मजकुराआधीच त्या कागदाने आपल्याला अर्धी हकिकत सांगितलेली असते.

व्यक्तिचित्रालाही असाच मायना असतो. चेहरा हा त्यातला एक शब्द आहे. पागोटे, तुरा, जाम्याचा कपडा, हातातली वस्तू, बसण्याची जागा, शेजारी कोण उभा आणि कोण बसलेला, चेहरा कोणत्या बाजूने वळलेला, हा उरलेला मायना. तो न वाचता ‘चेहरा खरा का?’ एवढेच विचारणे म्हणजे सनद हाती धरून शाईचा रंग न्याहाळत बसणे.

हे पटवण्यासाठी आधी इटलीत जाऊ. तिथेच का, तर युरोपीय प्रबोधनकाळातल्या अनेक चित्रांबाबत ती कोणाची, कधीची आणि कोणत्या प्रसंगाची, हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. चित्राने काय दाखवले आणि काय दडवले, हे तिथे ताडून पाहता येते. शिवाय ‘तिकडची चित्रे म्हणजे हुबेहूब माणूस, आपल्याकडची म्हणजे सपाट बाहुल्या’ हा जो समज आपल्यातल्या पुष्कळांच्या डोक्यात घट्ट बसला आहे, त्याचीही वासलात लागते.

फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात पिएरो देला फ्रांचेस्काने रंगवलेले उर्बिनोच्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोचे चित्र आहे. साधारण १४७२–७३ च्या सुमाराचे. लाल टोपी, लाल अंगरखा, मागे दूरवर पसरलेला मुलूख, आणि चेहरा पूर्णपणे बाजूने. गालावरचे चामखीळ चित्रकाराने प्रामाणिकपणे दाखवले आहेत. नाकाच्या मुळाशी मोठी खाच आहे, तीही दाखवली आहे. हा पाहा वास्तववाद, असे म्हणून आपण माना डोलावतो.

पण १४५० मध्ये भाल्यांच्या खेळात या माणसाचा उजवा डोळा गेला होता. चित्रात दिसते ती डावी बाजू. चामखीळ दाखवून विश्वास कमवायचा आणि डोळा लपवायचा, अशी ही चतुराई. आणि एवढ्यावर ती थांबत नाही. बाजूने चेहरा ही रोमन नाण्यांची पद्धत. सीझर नाण्यावर जसा दिसतो, तसा हा भाडोत्री फौजांचा सेनापती स्वतःला दाखवतो आहे. म्हणजे तीच एक बाजू व्यंगही झाकते आणि वंशावळही उसनी आणते. समोरच्या फळीवर त्याची पत्नी बात्तिस्ता स्फोर्झा आहे. ती १४७२ मध्ये वारली होती. तिचा चेहरा पांढराफटक आहे. फेदेरिकोच्या चेहऱ्यावर दुःख नाही, आनंदही नाही; आहे ती अढळता. ती त्याचा स्वभाव होती का? कोण जाणे. पण आपला स्वभाव जगाने असा वाचावा, ही त्याची इच्छा मात्र चित्रात स्पष्ट लिहिलेली आहे.

दुसरे चित्र तिशियनचे, १५४८ चे, आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. सम्राट पाचवा चार्ल्स मूलबर्गच्या लढाईनंतर. काळा घोडा, हातात लांब भाला, अंगावर चिलखत, छातीवर लाल पट्टा. लढाई १५४७ च्या एप्रिलची. चित्रात शत्रू नाही, प्रेत नाही, एक शिपाईसुद्धा नाही. एकटा सम्राट आणि संध्याकाळचे आकाश. हा सम्राट सांध्यांच्या जुनाट दुखण्याने पिडलेला होता, आणि त्याच्या घराण्याचा पुढे आलेला जबडा साऱ्या युरोपला ठाऊक होता. दाढीने जबडा सांभाळला, घोड्याने पाय सांभाळले. चिलखत मात्र अगदी खरे आहे, ते माद्रिदच्या शस्त्रागारात आजही ठेवलेले आहे. जे खरे दाखवणे सोयीचे, ते खरे.

तिसरे माझे आवडते. राफाएलने १५१४–१५ च्या सुमारास काढलेले बाल्दास्सारे कास्तिल्योनेचे चित्र, पॅरिसच्या लुव्ह्रमध्ये. हा राजा नव्हे, दरबारी मुत्सद्दी. करड्या फरचा अंगरखा, पांढरा सदरा, काळी टोपी. ना हार, ना अंगठ्यांची आरास. निळे डोळे शांतपणे पाहणाऱ्यावर रोखलेले. पाहताक्षणी वाटते, किती साधा माणूस! पण याच गृहस्थाने पुढे दरबारी माणसाने कसे वागावे यावर एक ग्रंथ लिहिला. तो १५२८ मध्ये छापला गेला, आणि त्याचे एक मुख्य सूत्र असे की कष्टाने कमावलेले कसब कष्टाचे आहे हे कोणाला कळूच नये. ती साधी करडी फर स्वस्त नव्हती. साधेपणा हा तिथे सर्वांत महागडा दागिना आहे. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे पुण्यात त्याची गरज पडेल.

तेव्हा प्रबोधनकाळातले उत्तम व्यक्तिचित्र हे हुबेहूब असूनही दावाच असते. स्वभावसुद्धा त्यात चुकून सांडलेला नसतो, तो मांडलेला असतो.

ज्यांना हे परके वाटते त्यांनी कराडात कोल्हापूर नाक्यावर वाढदिवसाच्या दिवसांत एक चक्कर मारावी. फ्लेक्सवर ‘भाऊ’ कमरेपासून वर, काळा चष्मा, पांढरे कडक कपडे, एक हात नमस्काराला नाहीतर मोबाइलला. वरच्या कोपऱ्यात महाराज आणि मोठे नेते, त्यांच्या आकारावरून पक्षातला सध्याचा वारा कळतो. खाली शुभेच्छुकांची चिमुकली मुंडकी, त्यांतही कोण पहिल्या ओळीत आणि कोण शेवटच्या, यावरून भांडणे झालेली. कोणाचा फोटो केवढा हा प्रश्न आपल्याकडे किती गांभीर्याने घेतला जातो, हे सांगायला नको. १५३७ साली हॉल्बाइनने आठव्या हेन्रीला पाय फाकवून, थेट समोर पाहत उभा रंगवला. ते मूळ भित्तिचित्र १६९८ च्या आगीत जळाले, पण त्याच्या नकला इतक्या निघाल्या होत्या की राजाचे ते रूप आजही सर्वांना पाठ आहे. फ्लेक्सचे शास्त्र जुने आहे. आपण ते रोज वाचतो आणि जुन्या चित्रासमोर गेलो की निरक्षर होतो.

आता दख्खनच्या वाटेने येऊ. अकबराने आपल्या दरबारातल्या सर्व मोठ्या माणसांची चित्रे काढवून घेतली होती, असे अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त सांगतो. म्हणजे हिंदुस्थानात व्यक्तिचित्र इंग्रजांनी आणले, ही समजूत मुळातच चूक. देवाणघेवाण मात्र भरपूर झाली. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराकडे गेले, त्यांच्याबरोबर छापील बायबल आणि ख्रिस्ती चित्रे गेली. १६०० मध्ये तरुण अबुल हसनने ड्यूररच्या एका आकृतीची नक्कल केली, ती ऑक्सफर्डला आहे. संतांच्या डोक्यामागचे तेजोवलय मुघल चित्रकारांनी अशा चित्रांतून उचलले आणि जहांगीरच्या मस्तकामागे बसवले. (अजिंठ्यातल्या बुद्धाला प्रभावलय आहे, हे मला ठाऊक आहे. पण मुघल कारखान्यात ते आले ते या वाटेने.) आज कॅलेंडरवरच्या महाराजांमागे जे वलय असते, त्यानेही बरीच मुशाफिरी केलेली आहे.

या व्यक्तिचित्रांचा एक नमुना आपल्या ओळखीच्या माणसाचा आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात अबुल हसनचे एक चित्र आहे, साधारण १६१६ चे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला अंबरचे मस्तक कधीच मिळाले नाही. अंबर १६२४ मध्ये भातवडीला मुघल–विजापूरकरांची संयुक्त फौज मोडून १६२६ मध्ये वार्धक्याने वारला. दुसरीकडे हाशिम नावाच्या चित्रकाराने काढलेला अंबर पाहा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा जामा, भरदार देह, भारदस्त उभा, एका कर्तबगार वजिराला शोभेल असा. एकच माणूस, जवळपास एकच काळ. एका चित्रात बादशहाची चरफड आहे, दुसऱ्यात प्रतिपक्षाच्या योग्यतेची कबुली. यांतला ‘खरा चेहरा’ कोणता, हा प्रश्न किती थिटा आहे ते इथे दिसते. दोन्ही चित्रे खरी आहेत, कशाची खरी आहेत ते विचारावे.

आणि चित्रातली जागा ही दरबारातल्या जागेचीच सावली असते. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले. त्यावरून जे घडले ते प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. ते काही रागीटपणाचे प्रदर्शन नव्हते. कोण कुठे उभा, हीच त्या जगात राजकारणाची भाषा होती, आणि महाराजांना ती भाषा बादशहाइतकीच येत होती. जो समाज उभे राहण्याच्या रांगेवरून साम्राज्याशी वैर पत्करतो, त्या समाजातले चित्र पाहताना आपण रांग न पाहता नाक पाहतो.

आता मुख्य मुद्दा. महाराजांची म्हणून आज जी सर्वांत जुनी चित्रे मानली जातात, त्यांतली बरीचशी गोवळकोंड्याच्या वळणाची आहेत, साधारण १६८० च्या दशकातली. त्यांतले एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरे आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, निकोलास विट्सेन नावाच्या तिथल्या नगराध्यक्षाच्या चित्रसंग्रहात. तुऱ्याचे पागोटे, टोकदार दाढी, नक्षीदार वस्त्रे आपल्या परिचयाची आहेत. चित्रफीतवाले नेमकी हीच चित्रे उचलतात.

पण विट्सेनचा संग्रह उघडला की महाराज एकटे भेटत नाहीत. ती सुमारे पन्नास चित्रांची मालिका आहे. मुघल बादशहा आणि शहजादे, गोवळकोंड्याचे आणि विजापूरचे सुलतान, आणि त्याच ओळीत, त्याच थाटात, महाराज. युरोपीय व्यापाऱ्यांना विकण्यासाठी गोवळकोंड्याचे चित्रकार अशा मालिका तयार करत असत: ‘हे पाहा हिंदुस्थानचे राज्यकर्ते.’ ज्या माणसाला आग्र्यात पंचहजारींच्या रांगेत उभे केले, त्याला वीसएक वर्षांच्या आत गोवळकोंड्याच्या चित्रकाराने औरंगजेबाच्या ओळीत बसवले. चित्रकार मराठा नव्हता, गिऱ्हाईक हिंदू नव्हते, भाट-चारणांचा संबंध नव्हता. बाजारात ज्याची मागणी होती ती यादी त्याने रंगवली, आणि त्या यादीत महाराज राजा म्हणून होते. १६७४ च्या राज्याभिषेकाने जो दावा केला, तो परक्यांच्या बाजारात मान्य झाल्याचा हा कागद आहे. मला विचाराल तर महाराजांच्या गालाचा उंचवटा किती होता, यापेक्षा ही बातमी दहापट मोठी आहे.

आणि आपण काय करतो? त्या मालिकेतून एक पान फाडतो. त्या पानातून पागोट्याखालचा दोन बोटांचा चेहरा कापतो. तो एआयला देतो. बाकी सगळे कचऱ्यात.

मनुचीचे चित्र घ्या. व्हेनिसचा हा निकोलाव मनुची जयसिंहाच्या छावणीत महाराजांना भेटल्याचे स्वतः सांगतो. त्याने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून हिंदुस्थानच्या राज्यकर्त्यांची चित्रे काढवून घेतली आणि १६८६ पूर्वी तयार झालेला तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराज घोड्यावर आहेत, सोबत पायी चालणारे सशस्त्र लोक. घोडा, पायदळ, चाल. तिशियनच्या चार्ल्सजवळ एकही शिपाई नाही. इथे शिपाई चित्राचा भाग आहेत. एक सम्राट एकटेपणातून मोठा होतो, दुसरा राजा सोबतीतून. हा फरक का आहे, त्यात चित्रशैली किती आणि मराठ्यांच्या फौजेबद्दलची ख्याती किती, यावर खरी चर्चा व्हायला हवी. ती होत नाही, कारण कापलेल्या चेहऱ्यात शिपाई मावत नाहीत.

इथे कोणीतरी म्हणेल, ‘पण त्या डोळ्यांतले तेज पाहा, स्वभाव दिसतोच की!’

दिसतो? इब्राहिम खानाची गोष्ट आठवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इब्राहिम खान नावाच्या एका निराळ्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे प्रचलित होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास ही चूक दाखवून दिली आणि डच लेखक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातले चित्र पुढे आणले. तो ग्रंथ १७२४ ते १७२६ या काळात छापला गेला होता. बेंद्र्यांनी डोळ्यांतले तेज मोजले नाही. चित्र कुठून आले, कोणी आणले, कोणाच्या नावाने नोंदले गेले, हे त्यांनी शोधले. म्हणजे त्यांनी चित्राचा मायना वाचला. तोवर कित्येकांनी त्या दुसऱ्याच माणसाच्या डोळ्यांत स्वराज्याचे तेज पाहिले असणार. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याची आपली हातोटी ही अशी आहे. आधी नाव वाचतो, मग तेज दिसते.

एआय तेवढेही करत नाही. लघुचित्रात डोळा म्हणजे केसाच्या जाडीची एक रेघ. त्या रेघेत बुबुळाचा रंग नाही, पापणीची घडी नाही. यंत्र त्याला पूर्वी दाखवलेल्या असंख्य अनोळखी चेहऱ्यांच्या आधारे रिकाम्या जागा भरते. म्हणजे त्या चित्रफितीत तुम्हाला दिसणारी त्वचा महाराजांची नाही, गोवळकोंड्याच्या चित्रकाराने रंगवलेलीही नाही, ती कोणाचीच नाही. मूळ चित्रकाराने महाराजांना पाहिले होते का? १६७७ मध्ये महाराज भागानगरला कुत्बशहाच्या भेटीस गेले होते, तेव्हा तिथल्या कोणी पाहिले असणे शक्य आहे. पण शक्यतेवर छिद्रे रंगवता येत नाहीत.

कोणी असेही म्हणेल की हे सगळे परक्यांनी परक्यांसाठी काढलेल्या चित्रांना लागू. मराठी दरबाराला स्वतःच्या प्रतिमेची एवढी जाण कुठे होती? त्यांनी १७९२ च्या पुण्यात यावे.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याचा त्याला आश्रय होता, गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार त्याच्या हाताखाली काम करत होता. वेल्सने सवाई माधवराव पेशव्यांचे नाना फडणवीसांसह मोठे तैलचित्र केले, ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. अठरा वर्षांचा पेशवा रत्नमोत्यांनी मढलेला. शेजारी नाना, त्यामानाने अगदी साधे, किडकिडीत, लांबट चेहऱ्याचे. चित्र न वाचणारा म्हणेल, धनी कोण आणि कारभारी कोण ते लगेच कळते. पण राफाएलचा तो करड्या फरचा मुत्सद्दी आठवा. ज्याला रत्नांची गरज आहे तो रत्ने घालतो. नानांना गरज नव्हती. सगळ्या पुण्याला ठाऊक होते की कोणाच्या सहीने काय हलते.

त्याच वर्षी महादजी शिंदे पुण्यात होते. बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन उत्तरेतून आलेला हा सर्वांत बलाढ्य सरदार. पुढे साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने त्या भेटीची हकिकत नोंदवली आहे. महादजी हत्तीवरून दूरच उतरले, दरबारात सर्वांच्या खाली बसले आणि बासनातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांशी ठेवले. वडिलांचे काम हेच होते, म्हणाले. एवढी नम्रता पाहून नानांना आनंद झाला असेल असे मला वाटत नाही. ज्याच्यामागे डी बॉयनच्या कवायती पलटणी उभ्या आहेत, त्यालाच जोडे उचलणे परवडते. वेल्सने महादजींचेही चित्र काढले. ते बैठकीत बसलेले आहेत. पानिपतावर १७६१ मध्ये त्यांचा पाय कायमचा अधू झाला होता, आणि आपल्या बैठकीत कोणाचाच अधू पाय दिसत नाही. उर्बिनोच्या फेदेरिकोला जे बाजूच्या चेहऱ्याने साधले, ते इथे मांडी घालण्याच्या रिवाजाने आपोआप साधले. मुद्दाम की सहज? बैठक तर सगळ्यांचीच तशी असे, म्हणून सहज म्हणू. जोड्यांचा प्रकार मात्र सहज खचित नव्हता.

उरला शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. ‘मग महाराज दिसायचे कसे, हे जाणून घ्यायचेच नाही का?’ घ्यायचे की. त्यासाठी पाहणाऱ्यांचे शब्द आहेत. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीच्या वेळी तिथे असलेला इंग्रज पाद्री एस्कॅलिऑट आपल्या पत्रात लिहितो की मध्यम उंची, ताठ आणि प्रमाणबद्ध शरीर, बोलताना चेहऱ्यावर हसू, चपळ आणि भेदक नजर, वर्ण आसपासच्या लोकांहून उजळ. फ्रेंच प्रवासी थेवेनो त्याच दशकात म्हणतो की ठेंगणे, सावळट, डोळे चपळ आणि बुद्धीची चमक असलेले. डोळ्यांबाबत दोघांचे एकमत आहे, वर्णाबाबत नाही. आता एआयवाल्या चित्रफिती आठवा. त्यांत वर्ण कोणता असतो? झाडून गोरा. दोन साक्षीदारांत मतभेद आहे तिथे आपण आपल्या लग्नाच्या जाहिरातींतला वर्ण निवडतो आणि त्याला ‘खरा’ म्हणतो. महाराजांच्या चेहऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही, आपल्याबद्दल पुष्कळ कळते.

कल्पनेने काढलेल्या चित्रांना माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. शासकीय कार्यालयांत दिसणारे महाराजांचे चित्र कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी केलेले आहे. ते विसाव्या शतकातले आहे, ते कांबळ्यांचे आहे आणि ते तसे सांगून भिंतीवर आहे. त्यातली शांत, धीरगंभीर मुद्रा ही स्वतंत्र महाराष्ट्राला आपला राजा कसा हवा होता, याचा पुरावा आहे. पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहील, आणि लिहावाच. एआयच्या चित्रफितीत मात्र चित्रकाराचे नाव नसते, काळ नसतो, मालिका नसते, विकणारा-घेणारा नसतो. तिला मायनाच नाही, म्हणून ती वाचताच येत नाही.

आपल्या भागातल्यांसाठी एक सोय सांगतो. कराडचा पंतांचा कोट ज्या प्रतिनिधी घराण्याचा, त्याच घराण्यातले औंधचे राजे भवानराव यांनी १९३८ मध्ये औंधला श्री भवानी संग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार होते. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे आणि युरोपातल्या नामवंत चित्रांच्या नकलाही आहेत. हे सगळे खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर. जाल तेव्हा लघुचित्रांसमोर चेहरा तळहाताने झाका आणि उरलेले चित्र पाच मिनिटे पाहा. हात कुठे आहेत, कमरेला काय आहे, पाठीमागे लोड आहे की मोकळी जागा, शेजारचा किती लहान काढला आहे. मग तळहात काढा.

पुढच्या धाग्यात शिक्के. महाराजांनी राजमुद्रेसाठी फारसी सोडून संस्कृत का निवडली, आणि ती वाचू शकणारे तेव्हा किती असतील, यावर.